गावच्या जत्रेचा आणि तिच्या मैदानाचा इतिहास कसा लिहावा

खान्देशात जत्रांना तोटा नाही. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आणि तिथला घोडेबाजार, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा, धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची चैत्र पौर्णिमेची यात्रा, महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईनगर आणि तोरणमाळ, होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात भरणारा भोंगऱ्या बाजार. शिवाय मरीमाय, भवानी, खंडेराव यांच्या बारागाड्या, म्हणजे एकामागे एक बांधून ओढायच्या बारा गाड्या, गावोगाव निघतात त्या वेगळ्याच. यातल्या कुठल्याही जत्रेबद्दल विचारले की एक उत्तर तयार असते : तीनशे वर्षांची परंपरा. जत्रा आधी कुठे भरायची, ती जागा कोणाची होती, गुरांचा बाजार कोणत्या अंगाला बसायचा आणि तो कधी हलला, हे विचारले की मात्र चार जण चार गोष्टी सांगतात.

म्हणून इतिहास लिहायला मैदानापासून सुरुवात करावी. देवस्थानाच्या कथेला साल नसते, जमिनीच्या कागदाला असते. मैदानाचा इतिहास नीट लागला की जत्रेचा निम्मा इतिहास त्याच्याबरोबर हाती येतो. स्मरणिकांमध्ये नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो, ही मोठी खंत आहे.

आधी गाव नक्की करा

ऐकायला हे सोपे वाटते, पण पहिली चूक इथेच होते. खुर्द आणि बुद्रुक यांची गल्लत तर नेहमीची. नंदुरबार-शहादा भागात गावाच्या नावापुढे त.ह., त.बो. अशी अक्षरे असतात. ती तर्फ हवेली, तर्फ बोरद अशा जुन्या विभागांची आहेत आणि त्यांच्यावरूनच एकाच नावाची दोन गावे वेगळी ओळखता येतात. अर्ज करताना ती गाळली तर भलत्याच गावची नक्कल हातात पडते.

मग आपले गाव कोणत्या काळात कोणत्या जिल्ह्यात होते याची एक चिठ्ठी करून कायम सोबत ठेवा. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. मालेगाव, बागलाण, नांदगाव हा भाग १८६९ साली नव्या नाशिक जिल्ह्यात गेला. १९०६ साली खान्देशाचे दोन जिल्हे झाले, पूर्व खान्देश जळगावला आणि पश्चिम खान्देश धुळ्याला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून सापडेल. तळोद्याच्या एखाद्या जत्रेचा १९३० सालचा कागद नंदुरबारच्या कचेरीत मिळाला नाही म्हणजे तो नाहीच असे समजू नका. तो धुळ्याच्या अभिलेख कक्षात असू शकतो.

छापील साधनांत आधी तीन पाहावीत. पहिले, १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देशावरचा बारावा खंड. त्यात गावांच्या प्रकरणात जत्रांचे उल्लेख विखुरलेले आहेत, त्यामुळे आपले एकच नाव शोधून थांबू नका, शेजारची चार गावेही वाचा. दुसरे, स्वातंत्र्यानंतरची धुळे आणि जळगाव जिल्ह्यांची गॅझेटियर. तिसरे, १९६१ च्या जनगणनेबरोबर तयार झालेला महाराष्ट्रातील जत्रा-उत्सवांचा स्वतंत्र खंड. जत्रेच्या कामाला हा तिसरा सगळ्यात उपयोगी आणि लोक नेमका तोच पाहत नाहीत. त्याशिवाय धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, धुळ्याचेच गरुड वाचनालय आणि जळगावचे व. वा. वाचनालय इथे जुन्या स्मरणिका आणि वृत्तपत्रांची चौकशी करावी.

जमिनीचे कागद

इथे घाई करू नका. हा भाग नीट झाला तर पुढचे सगळे सोपे जाते.

आजचा सातबारा काढा आणि गट नंबर टिपून घ्या. मात्र हा नंबर जुना नाही. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव वेगवेगळ्या वर्षी गटवारी झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुना सर्व्हे नंबर ५२ आणि आजचा गट नंबर ५२ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्हीचा मेळ लावायचा तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा मागा. त्यात जुना सर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि नवा गट समोरासमोर असतात. हा उतारा न काढता मागे गेलात तर शेजारच्या शेताचा इतिहास लिहून बसाल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

जुना सर्व्हे नंबर कळला की त्याच कार्यालयातून त्या नंबराचे टिपण (मूळ मोजणीचे रेखाटन), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि गाव नकाशा घ्या. टिपणावर मूळ मोजणी साखळी आणि आण्यांत असते. इकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. कागदावर ३-२० असे लिहिले असेल तर ते तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर, म्हणजे साधारण १ हेक्टर ४२ आर. ते ३.२० एकर नव्हे. उलट १.४२ हे हेक्टर-आर असताना एक एकर बेचाळीस गुंठे असे वाचणारेही भेटतात. गुंठा ३९ च्या पुढे जात नाही एवढे लक्षात ठेवले की ही चूक जागच्या जागी पकडता येते.

यानंतर तलाठ्याकडचे गाव नमुने. जत्रेच्या मैदानासाठी चार महत्त्वाचे आहेत. नमुना १-ब हा सरकारी, कोणाच्याही भोगवट्यात नसलेल्या जमिनींचा. नमुना १-ई अतिक्रमणांचा. नमुना ३ दुमाला म्हणजे इनाम जमिनींचा, देवस्थान इनाम असेल तर इथे दिसते. नमुना ६ म्हणजे फेरफार. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. सगळ्यात अलीकडच्या फेरफारापासून मागे मागे जा. प्रत्येक फेरफाराची नक्कल घेणे परवडत नसेल तर निदान वाचून क्रमांक, तारीख आणि कारण वहीत उतरवा. ई-अभिलेखच्या सरकारी संकेतस्थळावर काही तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. कचेरीत जाण्याआधी तिथे डोकावले तर एखादी फेरी वाचते.

सातबाऱ्यावर दोन जागा बारकाईने पाहायच्या. एक, ‘इतर हक्क’. खासगी शेतात जत्रा भरत असेल तर वहिवाटीचा रस्ता, देवळाकडे जाण्याचा हक्क अशी नोंद इथे मिळू शकते. दुसरी, पोटखराबा. पोटखराबा वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली आणि म्हणून आकारणी नसलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या बारागाड्या ज्या पट्ट्यावरून ओढल्या जातात तो पट्टा कागदावर असा चार-सहा गुंठे पोटखराबा म्हणून बसलेला असू शकतो. देवाचे नाव तिथे कुठेच नसते, म्हणून तो नजरेतून सुटतो.

मैदान गावठाणाच्या आत आले असेल आणि तिथे नगर भूमापन झाले असेल तर सातबारा मिळणार नाही. मालमत्ता पत्रक मागावे लागेल.

देवस्थानाचा विश्वस्त न्यास असेल तर सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा घ्या. १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करताना न्यासाने स्थावर मिळकत सांगितलेली असते. त्या वेळी मैदान न्यासाचे म्हणून दाखवले होते की नाही, हे एका कागदात कळते. नंतरचे बदल अर्जही पाहा. आणि न्यासाची नोंदणी १९५३ ची आहे म्हणून जत्रा १९५३ साली सुरू झाली असे मात्र लिहू नका. कायदा आल्यावर जुन्या देवस्थानांनी नोंदणी केली एवढाच त्याचा अर्थ. जीर्णोद्धाराच्या फरशीवरच्या सालाचेही तेच.

ग्रामपंचायतीत मासिक सभांची इतिवृत्ते आणि जत्रेतल्या जागांच्या लिलावाचे कागद मागा. पाळण्याची जागा, हॉटेलची जागा, खेळण्यांची रांग यांचे लिलाव कोणत्या वर्षापासून होऊ लागले, बोली किती गेली, ही माहिती नमुना ५ च्या रोकडवहीत आणि नमुना ७ च्या पावती पुस्तकांत असते. जुनी पावती पुस्तके नष्ट करायला परवानगी असते, त्यामुळे इतिवृत्तावर जास्त भर द्या. जनावरांचा बाजार कृषी उत्पन्न बाजार समितीकडे असेल तर खरेदी-विक्रीच्या पावत्यांवरून किती जनावरे विकली गेली याचा खरा आकडा मिळतो. आलेली जनावरे आणि विकलेली जनावरे हे दोन आकडे वेगळे आहेत, ते मिसळू नयेत.

कागद तोंडी मागून मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘जत्रेची सर्व माहिती मिळावी’ असे लिहिले की अर्ज परत आलाच म्हणून समजा. ‘अमुक सालापासून अमुक सालापर्यंतच्या यात्रा जागा लिलावाच्या ठरावांच्या प्रती’ असे नेमके लिहा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. काय आहे हेच ठाऊक नसेल तर प्रतींऐवजी अभिलेख पाहायला मिळावा असे मागणे जास्त शहाणपणाचे.

नदीत भरणारी जत्रा

अमळनेरसारखी पात्रात भरणारी यात्रा असेल तर वरचे निम्मे कागद उपयोगाचे नाहीत. नदीच्या पात्राला सर्व्हे नंबर नसतो, गाव नकाशावर ती जागा कोरी असते आणि म्हणून सातबाराही नसतो. अशा मैदानाचा इतिहास काठावरच्या नंबरांच्या हद्दींवरून, नगरपालिकेच्या ठरावांवरून, पोलीस बंदोबस्ताच्या आदेशांवरून आणि फोटोंवरून जुळवावा लागतो.

इथे नदीचा स्वतःचा इतिहासही लिहायला हवा. १८७२ चा पांझरेचा पूर, ऑगस्ट १९६८ आणि ऑगस्ट २००६ चे तापीचे पूर ही ठळक वर्षे आहेत. पुराने काठ सरकला, मळई साचली की बाजाराची जागा बदलते. धरणांनी झालेला फरक त्याहून कायमचा आहे. चांगदेवजवळ तापी-पूर्णा संगमाला हतनूर धरणाचे पाणी टेकते, सारंगखेडा आणि प्रकाशा इथे तापीवर बॅरेज झाले. आधी कोरडे असणारे पात्र कोणत्या वर्षापासून भरलेले राहू लागले हे जलसंपदा खात्याकडून घ्या आणि त्याच्या आधीचा-नंतरचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे यासाठी फार कामाचे. शहादा-सारंगखेड्यासाठी पत्रक ४६ के, धुळ्यासाठी ४६ एल, अमळनेरसाठी ४६ ओ. नवे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जुने, एक इंचाला एक मैल असलेले, ग्रंथालयांत शोधा. गेल्या वीसेक वर्षांसाठी गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रे वर्षानुसार मागे नेऊन पाहता येतात. त्यात जत्रेच्या आसपासच्या तारखेचे चित्र मिळाले तर तंबूंच्या रांगाही ओळखू येतात.

सन आणि तिथी

जुना कागद वाचताना सन चुकला की पुढचे सगळे चुकते. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १७९० ची दत्तजयंती डिसेंबर १८६८ मधली आणि त्याच शकातली महाशिवरात्र १८६९ मधली. सरसकट ७८ मिळवणारे महाशिवरात्रीच्या आणि होळीच्या सगळ्या जत्रा एक वर्ष मागे टाकतात. सातपुड्यातल्या होळीच्या बाजारांबाबत हे हमखास होते.

पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला. मृगापासून म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६००. महसुली कागदांवर फसली असेल तर त्याच हिशेबाने ५९० आणि ५९१. फसली १२६० म्हणजे १८५०-५१. व्यापाऱ्यांच्या खतावण्यांत विक्रम संवत सापडेल. इकडचे बहुतेक व्यापारी दिवाळीला वही बदलतात, म्हणून कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, नंतर ५६ वजा. छप्पनचा दुष्काळ तो हाच, संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००.

वद्य पक्षाचा गोंधळ वेगळा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. आपली माघ वद्य चतुर्दशी राजस्थानातल्या घोडेव्यापाऱ्याच्या वहीत फाल्गुन वद्य चतुर्दशी असते. दोन वेगळ्या जत्रा समजून मोजू नका. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही.

मोडी कागद असला तर अर्धवट वाचता येणाऱ्याकडून वाचून घेऊ नका. आकडे आणि नावे यांत चूक झाली की कागद असून नसल्यासारखा होतो. मूळ कागदाचा सरळ वरून, दिवसाच्या उजेडात, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा आणि जाणकाराकडे पाठवा. दीपमाळ, पायरी, घंटा यांवरचे लेख वाचताना खडू, पीठ, तेल काही फासू नका. शेंदराचा थर तर नखानेही उचकटू नका. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले असताना, नाहीतर रात्री एका कडेने टॉर्च धरून फोटो काढला की अक्षर आपोआप उठते. टॉर्च चारही बाजूंनी एकेकदा धरा, कारण उभ्या रेघा एका उजेडात दिसतात आणि आडव्या दुसऱ्या.

मैदान मोजा

मोजणी जत्रेच्या दिवशी होत नाही. शेते मोकळी असताना, चैत्र-वैशाखात सकाळी करा. जत्रेच्या दिवशी फक्त कोण कुठे बसले ते त्याच नकाशावर भरायचे.

सोबत ३० मीटरची फायबर टेप, होकायंत्र, चार खुंट्या, सुतळी आणि आलेख कागद एवढे पुरे. दोन माणसे हवीत, तिसरा लिहायला असला तर उत्तम. न हलणाऱ्या तीन खुणा आधी निवडा : देवळाचा कोपरा, विहिरीचा काठ, जुन्या वडाचा पार. या तिघांमधली अंतरे प्रथम मोजा आणि कागदावर त्रिकोण उभा करा. मग प्रत्येक नवी जागा किमान दोन खुणांपासून मोजा. फोनच्या जीपीएसवर एकट्यावर विसंबू नका, उघड्या माळावरही तीन ते पाच मीटर इकडे तिकडे होतेच. १० मीटरच्या बोळात तेवढ्याने बाजाराची बाजू बदलते.

प्रमाण १:५०० ठेवा, एक सेंटीमीटर म्हणजे पाच मीटर. ए-फोर कागदावर जेमतेम पावणेचार एकर बसते. मैदान मोठे असेल तर दोन कागद जोडा, प्रमाण लहान करू नका.

नकाशावर काय काय दाखवायचे? देऊळ आणि पार तर सगळेच दाखवतात. गुरांच्या दावणी कोणत्या दिशेला, त्यांना पाणी कुठून, हेडे (गुरांचे दलाल) कुठे बसतात, भांड्यांची रांग, गोडीशेव-जिलेबीच्या भट्ट्या, तमाशाची राहुटी, कुस्त्यांचा आखाडा, पाळणे, तगतराव (तमाशा कलावंतांची सजवलेली गाडी) निघतो तो रस्ता, नवस फेडायला आलेल्यांच्या चुली, बैलगाड्या सोडायची जागा. प्रत्येकाजवळ ‘आज’, ‘पूर्वी’ आणि कोणी सांगितले त्याचा क्रमांक लिहा. भट्ट्या वाऱ्याच्या कोणत्या बाजूला होत्या आणि राहुटीपासून किती लांब होत्या हेही मोजा. जागा बदलण्यामागे आगीची भीती हे कारण असू शकते, आणि कागदात ते येत नाही.

बारागाड्यांचा मार्ग सगळ्यात काळजीने मोजा. एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्यांची रांगच ५० मीटरच्या पुढे जाते. त्या ओढायला त्याच्या कितीतरी पट सरळ वाट लागते. घरे कितीही पुढे सरकली तरी हा पट्टा गाव बुजू देत नाही. त्यामुळे आजच्या वस्तीतला एखादा विनाकारण रुंद आणि सरळ रस्ता दिसला तर जुने मैदान तिथून शोधायला लागा.

तयार नकाशावर ट्रेसिंग पेपरचे तीन थर करा : पहिल्या मोजणीचा, गटवारीचा आणि आजचा. तिन्ही एकावर एक ठेवले की मैदान कोणत्या बाजूने आणि कशाने आक्रसले हे बघणाऱ्याला आपोआप कळते. रस्ता रुंदीकरण, पाण्याची टाकी, शाळेची इमारत, दुकानांचे गाळे, जे असेल ते नाव घेऊन लिहा. खासगी मालकाचे नाव मात्र छापू नका, गट नंबर पुरे. जागेचा वाद न्यायालयात असेल तर निकाल लागेपर्यंत ‘वादग्रस्त’ एवढेच लिहा.

माणसांकडून काय विचारायचे

पुजारी आणि पाटील यांच्याकडे सगळेच जातात. त्यांच्या आधी कोतवालकी केलेल्या घरी जा, भगताच्या घरी जा, पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांचे किंवा शेवेचे दुकान लावणाऱ्याकडे जा. दुकानदाराला आपली जागा फुटाफुटाने आठवते, कारण तिच्यावर त्याची कमाई होती. बाहेरगावचा पाळणेवाला तर दहा जत्रा फिरतो, तो आपल्या जत्रेची इतरांशी तुलना करून सांगू शकतो. बायकांना वेगळे आणि एकट्याने विचारा. नवस, चुली, पाण्याची सोय, रात्रीचा मुक्काम यांबद्दल पुरुषांना फारसे सांगता येत नाही.

‘कोणत्या साली?’ असे विचारू नका. अंदाजे सांगितलेले साल नंतर खरे होऊन बसते. त्याऐवजी खुणेच्या घटना द्या : नवे पैसे यायच्या आधी की नंतर (१ एप्रिल १९५७), जिल्हा परिषद आली तेव्हा (१ मे १९६२), तापीचा मोठा पूर, बहात्तरचा दुष्काळ, गावात वीज आली तेव्हा. ‘राहुटीत गॅसबत्ती होती की लाइट?’ या एका प्रश्नाने दशक ठरते. आजोबांकडून ऐकलेली गोष्ट असेल तर डिसेंबर १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन ही पूर्व खान्देशातली चांगली खूण आहे.

बोलणे अहिराणीत असेल तर अहिराणीतच उतरवा. ‘आम्हना धाकलपनमा जत्रा नदीम्हा भरे’ याचे प्रमाण मराठी करून ठेवले की पुढच्या माणसाला मूळ बोलणे तपासता येत नाही. पावरी किंवा भिली बोलणारा असेल तर त्या भाषेचा माणूस सोबत न्या. ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच, फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून हाताच्या अंतरावर, पंखा बंद करून. पाऊण तासाच्या पुढे ताणू नका.

मानपानाच्या गोष्टी जपून हाताळाव्या लागतात. पहिला मान कोणाचा, गाडी कोण धरते, कोणत्या वस्तीला पूर्वी कुठपर्यंतच येऊ देत, याबद्दल दोन बाजू असतील तर दोन्ही लिहा. गावाला अवघड वाटते म्हणून हा भाग गाळलेला इतिहास अर्धा राहतो. पण त्या दोन्ही बाजूंना छापण्याआधी आपापला मजकूर वाचून दाखवा.

गर्दीचे आकडे

‘लाखो भाविक’ हा आकडा नव्हे. जुन्या सरकारी कागदांतले आकडेही अंदाजाचेच, पण निदान कोणी तरी अधिकाराने केलेले. आजचा अंदाज स्वतः काढता येतो. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. दुकाने आणि तंबू यांनी तीस टक्के जागा घेतली तर फिरायला ५,६०० ते ५,७०० उरते. चौरस मीटरला दोन माणसे धरली, आणि जत्रेत चालता येईल अशी तेवढीच दाटी असते, तर एका वेळी ११,००० च्या आसपास. चार माणसे धरली तर हलता येत नाही, ती दाटी फक्त पालखीपाशी किंवा आखाड्याभोवती. माणूस सरासरी किती तास थांबतो हे पन्नास जणांना विचारून काढा आणि त्यावरून दिवसभराचा आकडा करा. एसटीच्या जादा गाड्यांच्या फेऱ्यांशी तो पडताळून पाहा. पद्धत आकड्याशेजारी लिहिलीच पाहिजे, नाहीतर तुमचाही ‘लाखो’च झाला.

जत्रा न भरलेली वर्षे

हा तक्ता वेगळा करा, कारण जत्रा का भरली नाही याचा कागद हमखास असतो. बंदी घालायला आदेश लागतो, भरवायला लागतोच असे नाही. १८९६ नंतरची प्लेगची वर्षे, १८९७ चा साथरोग कायदा, छप्पनचा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), १९७२ चा दुष्काळ, २०२० आणि २०२१ ची टाळेबंदी ही वर्षे एकेक करून तपासा. गुरांच्या बाजारासाठी २०२२ ची लंपीची बंदी. बैलगाड्यांच्या शर्यती असतील तर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. ‘कधीही खंड पडला नाही’ असे कोणी सांगितले तर बहुधा पूजेत खंड पडला नव्हता, बाजार भरला नव्हता. पूजा आणि बाजार यांचे दोन वेगळे रकाने ठेवा.

लिहायला बसताना

आधी कालपट करा. पाच रकाने : साल, काय घडले, कशावरून, खात्री, शेरा. खात्रीसाठी तीन अक्षरे पुरतात : ‘क’ म्हणजे कागद, ‘त’ म्हणजे तोंडी, ‘अ’ म्हणजे अंदाज. दोन पुरावे एकमेकांना छेद देत असतील तर दोन्ही ओळी ठेवा, मधला मार्ग काढून तिसरेच साल लिहू नका. ‘तीनशे वर्षांची’ हा दावाही घ्या, पण ‘देवस्थानाच्या सांगण्यानुसार’ म्हणून, आणि त्याच्या पुढच्या ओळीत पहिला कागद कोणत्या सालचा मिळाला ते स्पष्ट द्या. पहिला पुरावा १८८० चा असला तर जत्रा कमी जुनी ठरत नाही, १८८० साली ती होती एवढे मात्र सिद्ध होते.

मजकुराची लांबी मैदानाला निम्मी द्या. नकाशे पानभर छापा, बोटभर नको. फोटोखाली साल, दिशा आणि कोणाच्या संग्रहातला हे नसेल तर तो फोटो छापून उपयोग नाही. माणसे ओळखू येत असतील तर त्यांना किंवा घरच्यांना विचारा, तमाशातल्या कलावंत बायकांच्या फोटोंबाबत तर विचारल्याशिवाय मुळीच नाही.

छापल्यावर एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात जावक-आवक क्रमांक घेऊन द्या, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक राजवाडे मंडळात. फेरफारांच्या नकला, ध्वनिफिती आणि मोजणीची मूळ वही या तिन्हींची यादी शेवटच्या पानावर द्या आणि त्या कुठे ठेवल्या तेही लिहा. कालपटाच्या शेवटी दोन पाने कोरी सोडा. पुढच्या जत्रेचा लिलाव किती गेला, दावणी किती लागल्या आणि मैदानात नवे काय उभे राहिले, हे त्यांच्यावर दरवर्षी भरत जायचे.